शत्रुपक्षाच्या इसमास निशाण नाही

ऐका हो ऐका! बोईसरच्या किल्ला मंडळाचे तमाम शिलेदार, जुमलेदार, हवालदार, खुद्द सरनोबत, तसेच लढाईला उशिरा आणि जेवणाला वेळेवर हजर होणारे सर्व मानकरी यांस जाहीर करण्यात येते की, मंडळाचे निशाणनवीस आणि फिरंगी फौजेचे कायमचे सेनापती हिराजी, मुक्काम मुरबे, यांची जागा रिकामी झाली आहे. या जागेसाठी कोणी अर्ज करू नये. ओळखीपाळखी लावू नयेत. ही जागा भरली जाणार नाही. हुकुमावरून.

झालं. दंड आपटला, ललकारी दिली. सोळा वर्षं मंडळाचा भालदार म्हणून मी हेच केलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट साध्या आवाजात सुरू करणं मला जमत नाही. आता दंड भिंतीला टेकवतो आणि तुझ्याशी बोलतो.

हिराजी, मी तुझ्यावर भयंकर चिडलेलो आहे.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग रागवायचं कोणावर? जिवंत माणसं उलट उत्तर देतात. तू तर जिवंतपणीही द्यायचा नाहीस. मी तावातावाने बोलत असायचो आणि तू घासलेटात बुडवलेला ब्रश फडक्याला पुसत बसायचास, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. माझं बोलून संपलं की विचारायचास, "च्याय पिनार?" तुझ्याशी भांडण म्हणजे पाण्यावर काठी मारणं. आता तर तू कायमचाच गप्प झालास, म्हणजे शेवटचा शब्द आपोआप माझा. असला विजय मला नको होता.

तुला सांगायला नको, पण हे वाचणारे सगळेच काही बोईसरचे नसतात. दर माघात कारखान्यांच्या मागच्या मैदानावर बांबू आणि गोणपाटाचा एक किल्ला उभा राहतो. आत फिरंगी, बाहेर मराठे. दुपारी तीनला लढाई सुरू होते, साडेचारला किल्ला पडतो, पाचला सगळे एकाच पंगतीत पोह्यांना बसतात. लढणारे म्हणजे पहिल्या पाळीतून सुटलेले कामगार, पालघरचे दोन-तीन मास्तर, ज्यांची बोट त्या दिवशी बंदरात आहे असे मुरब्याचे खलाशी, आणि ललकारी द्यायला मी, एका कारखान्यातला स्टोअरकीपर. पहिल्या वर्षी लढलं की माणूस शिलेदार होतो. तीन वर्षांनी जुमलेदार, मग हवालदार, आणि सगळ्यांच्या वर एकच सरनोबत. जुमलेदार झालं की स्वतःचं निशाण मिळतं. हातभर कापड आणि त्यावर एक चिन्ह, मंडळात दुसऱ्या कोणाचंही नसलेलं. लोक ते घरात आरशाशेजारी टांगतात, लग्नाच्या मांडवात लावतात. सालवडच्या एकाने तर जावयाला आधी निशाण दाखवलं आणि मग मुलगी.

ती सगळी निशाणं तू रंगवलीस. चाळीसच्या आसपास असतील. आणि तुझं स्वतःचं एकही नव्हतं. मला जे म्हणायचंय ते एवढ्यावरच आहे.

तू मंडळात आलास तो दगड रंगवायला. मुरब्याला होड्यांवर नावं घालणारा एक जण आहे, त्याचा हात चांगला आहे असं कळल्यावर नाना तुला घेऊन आले. नाना म्हणजे आपले अध्यक्ष, पालघरच्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, इतिहासाचे पक्के आणि विनोदाला पूर्ण पारखे. किल्ल्याच्या भिंती खताच्या रिकाम्या गोण्यांच्या होत्या आणि प्रत्येक गोणीवर 'हूक लावू नये' असं इंग्रजीत छापलेलं होतं. मराठ्यांच्या तोफा त्या सूचनेवर डागायच्या हे नानांना बरं वाटत नव्हतं. तू दोन दिवसांत त्या गोण्यांचा असा काळा दगड केलास की तिसऱ्या दिवशी एक बकरी तटावर चढायला गेली आणि तटासकट खाली आली.

मग नानांनी तुझ्याकडे जरा निरखून पाहिलं. तुझं ते लांब नाक, घारे डोळे. म्हणाले, "हिराजी, तुम्ही फिरंगी व्हाल का? आमच्याकडे फिरंगी व्हायला कोणी तयार नाही."

तू म्हणालास, "चालंल की. कोनीतरी हराया पायजेच ना."

त्या वाक्यावर मी हसलो होतो. सोळा वर्षं पुरेल इतकं ते वाक्य खरं निघेल असं वाटलं नव्हतं.

निशाणांचं खूळ नानांचं, पण त्यात जीव घातलास तू. नानांनी पहिल्या सभेत सांगितलं, सुरुवातीच्या मानकऱ्यांना तीन वर्षांची अट नाही, ज्याला जे चिन्ह हवं ते त्याने कागदावर लिहून द्यावं. अकरा चिठ्ठ्या आल्या. सहा वाघ, तीन सिंह, एक गरुड आणि एक शंख. तू चिठ्ठ्या वाचल्यास आणि म्हणालास, "सगलेच वाघ, मंग जंगलात गवत कोन खानार?" आणि चिठ्ठ्या खिशात घालून निघून गेलास. पुढच्या महिन्यात तू प्रत्येकाला त्याचं निशाण दिलंस, न विचारता.

बंडूला तू रेडा दिलास. बंडू म्हणजे आपला सरनोबत, सालवडचा, बॉयलरवर काम करणारा, दारातून आडवा होऊन आत येणारा माणूस. पांढऱ्या कापडावर तो काळा रेडा पाहून तो असा लाल झाला की मला वाटलं, लढाई माघाची वाट बघणार नाही.

"रेडा? सरनोबताला रेडा? लोक यमाचा बाप म्हणतील मला!"

तू ब्रश पुसत म्हणालास, "वाघ झाडामागं लपतो, बंडूशेठ. रेडा कदी लपलेला पायला काय तुमी?"

बंडू निशाणाकडे बघत राहिला. मग तोंड न उचलता म्हणाला, "शिंगं जरा मोठी कर." संपलं भांडण.

आणि मला काय दिलंस? मी मंडळाचा भालदार. मी चिठ्ठीत शंख लिहिला होता. घोषणा करणाऱ्याला शंख, किती योग्य, किती भारदस्त! तू मला निळ्या कापडावर चंदेरी बोंबील काढून दिलास. तोंड वासलेला, डोळे बाहेर आलेला, संपूर्ण बोंबील.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तू काय करतो? बोंबलतो. मंग तो कोन?"

मैदानावर जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. मी दातओठ खाल्ले, आणि आतून इतका खूश झालो की काय सांगू. माझ्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. आईने ते निशाण उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही. ती गेली तेव्हापर्यंत ते जिन्याखाली सायकलच्या कॅरियरला बांधलेलं असायचं. आणि मी खरा बोंबील खायला तुझ्याकडे येतो हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, किंवा कळूनही तिने ते सायकलपर्यंतच ठेवलं.

तुझ्या त्या चुलतभावाचं आठवतं? नानांनी त्याला रीतसर छापील पत्र धाडलं होतं, 'आपणांस हवालदारपदी नेमण्यात येत आहे.' आठ दिवसांत मुरब्यात त्याच्या ओट्यावर माणसं तक्रारी घेऊन बसायला लागली. कोणाची जाळी चोरीला गेलेली, कोणाच्या मासळी सुकवायच्या वलांडीवर शेजाऱ्याने आपली मासळी टाकलेली. बिचारा हात जोडत नानांकडे आला. "नाना, मना परत जुमलेदार करा. मी दिसलो का दोस्त बाटली लपवतात!" नानांनी त्याला शिवकालीन हवालदार आणि पोलीस हवालदार यांतला फरक अर्धा तास समजावून सांगितला. तो म्हणाला, "तुमी सांगता ता बरोबर, पन ता मुरब्यात येऊन सांगा."

असे ते दिवस होते. आणि त्याच दिवसांत मी ती चूक केली.

दुसऱ्या वर्षीची सभा. तुझ्या फिरंगी सेनापतीने सगळ्यांना खाऊन टाकलं होतं. तू तटावरून गवताच्या भाऱ्यावर असा पडायचास की बायका ओरडायच्या, आणि मग लंगडत उठून टोपी काढून तलवार बंडूच्या हातात अशी द्यायचास की वाटावं, किल्ला तूच त्यांना बक्षीस देतो आहेस. सभेत कोणीतरी म्हणालं, फिरंगी बाजूच्या लोकांनाही पदं आणि निशाणं द्यावीत. नाना विचार करायला लागले. आणि मी, बोंबील तो बोंबील, उठलो, दंड आपटला आणि दरबारी आवाजात गरजलो, "फिरंग्यास निशाण देणे म्हणजे दौलतीशी दगाबाजी! शत्रुपक्षाच्या इसमास निशाण नाही!"

सगळे हसले. तू सर्वांत जास्त हसलास, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

नाना हसले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि लिहिलं: 'नियम अकरावा. शत्रुपक्षाच्या इसमास मानपद वा निशाण मिळणार नाही.' दुसऱ्या दिवशी मी पालघरला त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं, नाना, ती थट्टा होती. ते म्हणाले, "सभेत बोललेलं सभेचं असतं, सदानंद. नियम बदलायचा तर सभा आहे. मात्र एकमताने. नियम तिसरा." तिसरा नियमही मीच सुचवला होता, म्हणे. मला आठवत नाही, पण माझ्याच्याने अशक्य नाही.

बरं, एकमत. त्यात काय कठीण आहे? पुढच्या सभेत मी ठराव मांडला. सगळ्यांचे हात वर. बंडूचा वर, नानांचा वर. एकच हात खाली होता. तुझा.

"हिराजी, अरे हात वर कर!"

"कशाला?"

"तुला निशाण मिळावं म्हणून!"

"मना नको."

आणि नानांनी शांतपणे लिहिलं, 'ठराव नामंजूर.'

चौदा वेळा, हिराजी. चौदा वर्षं मी तो ठराव मांडला, चौदा वर्षं तू एकट्याने तो पाडलास. रामलखनसुद्धा कंटाळला. रामलखन तुझ्या फिरंगी फौजेतला सर्वांत जुना शिपाई, जौनपूरकडचा, कपड्याच्या गिरणीत कामाला, दरवर्षी पहिल्या तोफेला मरणारा. तो म्हणायचा, "हीराजी भाई, आप हाथ उठा दो. हमारा भी भला हो जाएगा. गाँव में फोटो भेजना है." तू त्याला म्हणायचास, "लखन, तू पयल्या तोफंला नको मरू. दुसरीपर्यंत थांब. मंग फोटो चांगला येल."

मी तुला विनवलं, धमकावलं, अबोला धरला. तू अबोल्यातही मला बोंबील खायला बोलावलंस. एक उत्तर कधी धड दिलं नाहीस. एका वर्षी म्हणालास, "हरनाऱ्याला मान दिला त हराया रांग लागंल." दुसऱ्या वर्षी म्हणालास, "माजा बावटा काडनार कोन? मीच? सोताचं नाव सोता होडीवर कोन घालतो?" आणि एकदा म्हणालास, "तू बोलला ता खरंच हाय ना. मी फिरंगी." हे म्हणताना तू हसत होतास की नाही, मला आजही ठरवता येत नाही. ते वाक्य मला नीट झोपू देत नाही. माझ्या थट्टेचा तो ओरखडा तुला लागला होता का? लागला असेल तर तू इतकी वर्षं माझ्या ताटात भाकरी वाढत राहिलास कसा? नसेल लागला, तर हात वर करायला तुझं काय जात होतं?

बावट्याबद्दल मला जे काही कळतं ते तूच शिकवलंस, आणि तेही शिकवतोस असं न दाखवता. मुरब्याच्या बंदरावर तू मला उभं केलं होतंस. संध्याकाळ व्हायला अवकाश होता, बोटी परतत होत्या. मला पाण्यावर नुसते ठिपके दिसत होते. तू म्हणालास, "तो कोनाचा, सांग." मी म्हटलं, मला काय कळणार. तेवढ्यात शेजारी टोपली घेऊन उभी असलेली तुझी बायको, जनावहिनी, डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "तो आमचा नाय. तो पल्याडच्या आलीतला. त्याच्या मागचा आपला, लाल." आणि तिच्या शेजारची बाई, जिची बोट अजून दिसत नव्हती, टोपलीची कड नखाने कुरतडत राहिली.

तू मला म्हणालास, "जवल आल्यावर त तोंडच दिसतं. बावटा लांबून कलाया पायजे. दोन रंग, एक चित्र, बास. बावटा मिरवाया नसतो रे. किनाऱ्यावरच्यांसाटी असतो."

म्हणून तू वाघ-सिंह खिशात घातलेस. म्हणून प्रत्येकाला तेच दिलंस ज्यावरून त्याच्या घरच्यांनी तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी ओळखावा. धुळीत, गर्दीत, शंभर पागोट्यांत बंडूची म्हातारी आई रेड्याकडे बोट दाखवायची. हे मला समजलं तेव्हा मी जास्तच चिडलो. कारण मग मैदानाच्या कडेला दरवर्षी जनावहिनी बसायची आणि तिला बघायला काय असायचं? एक काळी टोपी, तटावरून पडणारी.

आपलं शेवटचं भांडण. ते लिहू की नको, असं आठ दिवस चाललंय. लिहितो. या पौषात, तुझ्या अंगणात. एक होडी उताणी घातलेली होती आणि तू तिच्या बुडाला डांबर लावत होतास. मी पंधराव्यांदा ठराव आणणार म्हणून सांगायला आलो होतो. तू म्हणालास, "आन. मी हात खाली ठेवतो." आणि माझा तोल गेला. मी म्हणालो, "तुला निशाण नको असं नाहीच आहे, हिराजी. तुला त्याच्याहून मोठं काहीतरी हवंय. सगळ्यांना देणारा आणि स्वतः काही न घेणारा, असं म्हणवून घ्यायचंय. हा तुझा साधेपणा नाही, हा माज आहे."

तू ब्रश पुसला नाहीस. पहिल्यांदाच. डांबर तसंच टपकत राहिलं. मग म्हणालास, "जा. तुजी दुसरी पाली हाय ना आज."

मी गेलो. माझी त्या दिवशी सुट्टी होती, हे तुलाही माहीत होतं.

त्यानंतर आपण भेटलो नाही. तू कसा गेलास ते इथे लिहीत नाही, ते पालघरभर झालंय आणि प्रत्येकाचं वेगळं आहे. मला एवढंच माहीत आहे की मी दोनदा सायकल काढली, आणि दोन्ही वेळा पंचाळीच्या नाक्यावरून माघारी वळलो. माफी मागायची तर भारदस्त शब्द हवेत असं वाटत होतं. ललकारीची सवय, दुसरं काय. साधं "चुकलो रे" म्हणायला दंड लागत नाही, हे बोंबलाला कळेपर्यंत मुरब्याहून निरोप आला.

तुझ्या तेराव्यानंतर सभा भरली. नाना वही उघडून बसले. मी उठलो, दंड आपटला नाही. ठराव मांडला. सगळ्यांचे हात वर गेले आणि मग सगळ्यांनी एकदम त्या खांबाकडे पाहिलं जिथे तू टेकून बसायचास. हात खाली ठेवणारं तिथे कोणी नव्हतं. नानांनी लिहिलं, 'एकमताने मंजूर.' त्यांचं अक्षर वेडंवाकडं आलं. असं एकमत मी चौदा वर्षं मागत होतो का, हिराजी? तुला हरवायला मला तुझ्या मरणाची मदत घ्यावी लागली. थू त्या विजयावर.

आणि मग खरी पंचाईत सुरू झाली, जी तू वरून बघत असशील तर पोट धरून हसला असशील. निशाणावर काढायचं काय? एक म्हणाला होडी. मुरब्याचा म्हणाला, होडी तिथे प्रत्येकाची आहे. नाना म्हणाले, कुंचला आणि लेखणी, तिरपी. बंडू म्हणाला, "फिरंग्याची टोपी." कोणीतरी म्हणालं वाघ. सगळे त्याच्यावर धावून गेले. रामलखन म्हणाला, "वो जिस पर गिरते थे, वो गवत का गठ्ठा बना दो." दोन तास वाद झाला. हा प्रश्न सोडवू शकणारा एकच माणूस होता आणि प्रश्नच त्याचा होता.

शेवटी मी जनावहिनीकडे गेलो. ती ओट्यावर जाळं सोडवत होती. मी विचारल्यावर तिने वर बघितलं नाही.

"मना काय इचारता, सदाभाऊ? तुमी सगले त्याचे दोस्त. सोला वर्सं तो तुमच्याम्होरं हारला. तुमालाच म्हाईत नाय?"

"नाही माहीत, वहिनी."

मग जाळ्यात अडकलेली एक चिंबोरी सोडवून तिने वाळूत टाकली. चिंबोरी माझ्याकडे तोंड करून, दोन्ही नांग्या वर धरून, मागे मागे सरकायला लागली.

"ही काडा," वहिनी म्हणाली. "मांगं सरते, पन बगा कशी सरते."

मी काढली. रंगवायला दुसरं कोणी तयार नव्हतं, तुझ्या जागी हात घालायला सगळे घाबरत होते, आणि शिक्षा म्हणून ते मलाच करायला हवं होतं. पांढरं कापड, लाल चिंबोरी. दोन रंग, एक चित्र. पहिली तीन कापडं वाया गेली. चौथ्यावर जे उमटलं ते बघून माझ्या बायकोने विचारलं, "हे भिंतीवरचं घड्याळ आहे का?" पण मी कापड अंगणात टांगलं, पार रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेलो आणि मागे वळून पाहिलं. लांबून ती चिंबोरी होती. जवळून काहीही असो.

काल लढाई झाली. पुढे ढकलावी असं काही जण म्हणत होते, पण वहिनीच म्हणाली, मांडव घातलाय तर करा. तुझी टोपी रामलखनने घातली. पहिल्यांदा सेनापती झाला बिचारा, आणि पहिल्या तोफेला सवयीने मरायला निघाला होता, मागून कोणीतरी त्याचा अंगरखा ओढून धरला. त्याआधी मी दंड आपटून ललकारी दिली. तुझं नाव, मुक्काम मुरबे, किल्ला मंडळाचे मानकरी. तुझं निशाण आम्ही तटावरच्या काठीला चढवलं. आजवर त्या काठीला आमच्या घरचा एक जुना पडदा असायचा, फिरंग्यांचा झेंडा म्हणून. यंदा तिथे तू होतास. वारा खाडीकडून होता आणि कापड ताठ उभं राहिलं. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, पानवाल्याच्या टपरीशेजारी वहिनी उभी होती. तिने डोळ्यांवर हात धरलेला मी पाहिला.

आणि आता ऐक, आपल्या मंडळाच्या अकलेची कमाल. नाना, बंडू, मी, चाळीस निशाणवाले, कोणाच्याही डोक्यात एक साधी गोष्ट आली नव्हती. फिरंग्यांचा किल्ला पडतो तेव्हा फिरंग्यांच्या काठीवरचं कापड खाली येतं. सरनोबत तटावर चढतो, दोरी सोडतो, ते कापड मैदानात फेकतो आणि भगवा चढवतो. दरवर्षी. सोळा वर्षं. आम्ही तुला मोठ्या मानाने अशा जागी चढवलं होतं जिथून तुला दीड तासात फेकून द्यायचं होतं.

मला हे कळलं तेव्हा बंडू शिडीच्या अर्ध्यावर होता. मी नानांकडे पाहिलं. नानांना त्याच क्षणी कळलं होतं. पण नाना ते नाना. हळूच म्हणाले, "उतरवायला हवं, सदानंद. इतिहास आहे." खाली मराठे जयघोष करत होते, रामलखन टोपी हातात धरून शरण आलेला उभा होता, पोरं शिट्ट्या मारत होती. बंडू तटावर पोचला. त्याने दोरीला हात घातला. गाठ सोडली. आणि थांबला.

थांबलाच. मैदान हळूहळू शांत होत गेलं. मी भालदार, असल्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची हे माझं काम, सोळा वर्षांत माझ्या तोंडाला एकदाही कुलूप लागलं नव्हतं. मला एक शब्द सुचेना. नाना खालून हात हलवत होते, "बंडू, उतरव! बंडू!" बंडूने एकदा नानांकडे पाहिलं, एकदा लांब टपरीकडे. मग त्याने सोडलेली गाठ परत बांधली, दोनदा, करकचून, बॉयलरचा नट आवळावा तशी, आणि त्या हजारभर माणसांसमोर, मराठ्यांचा सरनोबत, रेड्यासारखा ओरडला:

"मी नाय उतरवायचा हिराजीचा बावटा! ऱ्हाऊ द्या यंदा किल्ला फिरंग्याकडं!"